‘टेक फाइव्ह’ ब्रुबेकची नव्हे

‘डेव्ह ब्रुबेकने तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांचा ताल ऐकला आणि त्यावर टेक फाइव्ह रचली.’ जॅझचा विषय निघाला की अमेरिकन पियानोवादक ब्रुबेकच्या चौकडीने वाजवलेल्या या रचनेची ही गोष्ट हमखास सांगितली जाते. सांगणारे प्रेमानेच सांगतात, पण त्यात चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडचं नाव पुसलं जातं आणि ते मला सहन होत नाही.

तुर्कस्तानचा प्रसंग खरा आहे, फक्त तो दुसऱ्या रचनेचा. १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलमध्ये ब्रुबेकने ऐकलेला ताल नऊ मात्रांचा होता, दोन-दोन-दोन-तीन. त्यातून ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ झाली. दोन्ही रचना १९५९च्या ‘टाइम आउट’ या एकाच अल्बममध्ये आहेत, गल्लत तिथेच होते. टेक फाइव्ह बोटांवर मोजून पाहा: तीन आणि दोन, पाचच मात्रा.

त्या पाच मात्रा ड्रमवादक जो मोरेलोच्या. हा ठेका त्याचा आवडता. त्यावर डेस्मंडने काहीतरी लिहावं, असं ब्रुबेकने सुचवलं. डेस्मंडने दोन सुटे तुकडे आणले; पहिला मुख्य धून आणि दुसरा मधला भाग, ही जुळणी ब्रुबेकची. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण सॅक्सोफोनवरची ती स्वरावली डेस्मंडचीच. मूळ ध्वनिमुद्रण ऐका. ब्रुबेक पियानोवर तोच ठेका शेवटपर्यंत, आपल्याकडे तबल्याच्या साथीला फिरून फिरून वाजणाऱ्या लेहऱ्यासारखा, धरून ठेवतो. स्वतःचं एकल वादन करतच नाही. त्या आधारावर मोरेलोचे ड्रम मोकळे सुटतात. हे ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

त्याच दौऱ्यात ब्रुबेक मुंबईत आला होता आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांना भेटला होता. त्यामुळे या पाच मात्रांचं मूळ झपतालात शोधायचा मोह आपल्याला होतो. पण झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन, वजनच वेगळं. खाँसाहेबांचं मोठेपण अशा उसन्या धाग्यावर टांगायची गरज नाही.

‘ब्रुबेक चौकडीची, म्हणजे ब्रुबेकचीच’ हा युक्तिवादही टिकत नाही. रचनाकार म्हणून नोंद डेस्मंडची आहे. १९७७ साली तो गेला, तेव्हा आपल्या रचनांचं मानधन त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं. टेक फाइव्हचे पैसे रेड क्रॉसला मिळत राहिले, ते ती त्याची होती म्हणूनच.