बुकॅनन पहिलाच : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

परदेशी भूमीवर ब्रिटिश मुष्टियोद्ध्यांनी मिळवलेल्या सर्वश्रेष्ठ विजयांची जी यादी मी दिली, तिच्यावरील आपल्या प्रतिक्रियेत चार आक्षेप आहेत आणि एक सल्ला आहे. आक्षेपांकडे वळेनच, आधी सल्ला. "दोन विरुद्ध एक अशा निर्णयावर कसाबसा मिळालेला विजय आणि जगज्जेत्याला स्टुलावरून उठूही न देणारा विजय यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने क्रिकेटवरच लिहावे," असे आपण म्हणता. क्रिकेटवर लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र आपला हेतू क्रिकेटचा गौरव करण्याचा नव्हता, हे न समजण्याइतका मी भाबडा नाही. केन बुकॅननला १९७० च्या सान हुआनमधील विजयासाठी पहिला आणि लॉइड हनिगनला १९८६ मध्ये जगज्जेत्या डॉन करीवर मिळवलेल्या विजयासाठी तिसरा क्रमांक देणे आपल्याला पटले नसेल, तर तेवढेच लिहिता आले असते. मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती, आणि माझे जुने वाचक त्याची साक्ष देतील.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. हनिगनसमोर उभा राहिला त्या रात्रीपर्यंत डॉन करी लढलेल्या पंचवीसच्या पंचवीस लढती जिंकला होता, हा तपशील लेखात यायला हवा होता. तो आला असता तरी क्रम बदलला नसता.

आता त्या 'कसाबसा'विषयी. २६ सप्टेंबर १९७० रोजी पोर्तो रिकोतील सान हुआन येथे, उघड्या स्टेडियममध्ये, भर दुपारी आणि शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपासच्या उन्हात एडिंबरोचा पंचवीस वर्षांचा बुकॅनन पनामाच्या इस्माएल लागुनाशी पंधरा फेऱ्या लढला. पंधरा फेऱ्या म्हणजे प्रत्यक्ष झुंजीची ४५ मिनिटे, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जो एक मिनिट मिळतो, तोही त्या उन्हातच. लागुना साधा प्रतिस्पर्धी नव्हता. कार्लोस ऑर्तिझला हरवून तो १९६५ मध्येच जगज्जेता झाला होता, आणि ते पद गमावल्यावर १९७० मध्ये मँडो रामोसकडून त्याने अजिंक्यपद पुन्हा मिळवले होते. उष्ण हवा त्याच्या अंगवळणी पडलेली, तर बुकॅनन स्कॉटलंडच्या गारठ्यात वाढलेला. त्यातच त्याच वर्षीच्या जानेवारीत माद्रिदला जाऊन, मिगेल वेलास्केझविरुद्ध, तो गुणांवर हरला होता. परक्या गावात पंचांच्या हाती निर्णय सोपवण्याची किंमत त्याला चांगलीच ठाऊक होती. तरीही डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ झटक्यात मारलेल्या ठोशावर, आणि पायांच्या हालचालीवर भिस्त ठेवून तो शेवटच्या घंटेपर्यंत लढला आणि तीनपैकी दोन पंचांना त्याने आपल्या बाजूने वळवले. घरच्या मैदानावरचा दोन-एक आणि सान हुआनमधला दोन-एक हे आपल्याला सारखेच वाटत असतील, तर फरक कोणाला कळत नाही हा प्रश्न मलाही विचारता येईल.

मी हे केवळ जुन्या चित्रफिती पाहून लिहितो, असा आपला समज दिसतो. विद्यापीठाच्या संघातून मी लाइट वेल्टरवेट या वजनगटात खेळलो आहे, आणि विदर्भातल्या एका स्पर्धेत, आयोजकांनी मांडव घालण्याचे कष्ट न घेतल्यामुळे, मे महिन्यातल्या दुपारी उघड्या रिंगमध्ये लढलोही आहे. लढत तीनच फेऱ्यांची होती. दुसऱ्या फेरीनंतर घामाने भिजलेले ग्लोव्हज पाण्याच्या बादल्यांसारखे जड झाले, आणि तिसरीत मला ठोसा मारण्यापेक्षा हात हनुवटीपर्यंत उचलून धरणेच अधिक अवघड वाटत होते. त्या अवस्थेत आणखी बारा फेऱ्या लढायच्या आणि प्रत्येकीत पंचांच्या नजरेत भरायचे, याचा अर्थ मी जितका जाणतो तितका आपण जाणत असाल काय, याची मला शंका आहे. आपण कधी दोरांच्या आत उतरला असाल तर तसे अवश्य कळवा. तुमच्या भाषेवरून तरी तसे वाटले नाही.

अमेरिकेतील मुष्टियुद्ध-पत्रकारांच्या संघटनेने १९७० चा सर्वोत्तम योद्धा म्हणून निवड केली ती बुकॅननची, आणि तीही हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझर ऐन भरात असताना. दुसरीकडे, त्या विजयाला खुद्द ब्रिटनच्या नियामक मंडळाने सुरुवातीला मान्यता दिली नाही, कारण लागुनाचे पद ज्या जागतिक संघटनेचे होते तिच्याशी मंडळाचे जमत नव्हते. बुकॅननचा विजय कमी लेखण्याची ही परंपरा आपण सुरू केलेली नाही, एवढे आपल्या बाजूने म्हणता येईल.

हनिगनचे श्रेय मी नाकारलेले नाही. २७ सप्टेंबर १९८६ रोजी अटलांटिक सिटीत त्याने करीला दुसऱ्याच फेरीत हादरवले आणि सहाव्या फेरीनंतर करी स्टुलावरून उठला नाही, हे लेखात आहे. परंतु वेल्टरवेटची वजनमर्यादा गाठताना करीचे हाल होत होते, हे त्या काळी सर्वज्ञात होते, आणि त्या पराभवानंतर तो वरच्या वजनगटात निघून गेला. बुकॅननने हरवलेला लागुना अशा सोयीस्कर स्थितीत नव्हता.

उरलेल्या आक्षेपांचे थोडक्यात. १९७५ मध्ये मेक्सिको सिटीत जॉन स्ट्रेसीने होसे नापोलेसला हरवले तेव्हा नापोलेस पस्तिशीचा होता, असे आपण लिहिता. होता, पण पहिल्याच फेरीत खाली पडलेल्या स्ट्रेसीने, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर, त्याला सहाव्या फेरीत थांबवले, म्हणून तो दुसरा. टायसन फ्युरीने २०१५ मध्ये ड्यूसेलडॉर्फला व्लादिमीर क्लिच्कोला हरवले, ते निर्विवाद मोठे होते, परंतु ती लढत पुन्हा पाहण्याची इच्छा मला कधी झाली नाही आणि यादी माझी आहे. बॉब फिट्झसिमन्सचा जन्म कॉर्नवॉलमधला आणि घडण न्यूझीलंडमधली, त्यामुळे १८९७ चा त्याचा कार्सन सिटीतील विजय ब्रिटिश मानायचा की नाही यावर वाद घालायचा असेल तर तो आपण त्या दोन देशांशी घालावा.

राहता राहिला 'कसाबसा' हा शेरा. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बुकॅननने लागुनाला पंधरा फेऱ्यांत पुन्हा हरवले, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. तरीही सान हुआनचा निकाल आपल्याला संशयास्पद वाटत असेल, तर पंधरापैकी कोणत्या आठ फेऱ्या आपण लागुनाला देता, ते क्रमांकानिशी लिहावे. ती प्रतिक्रिया मी एकही शब्द न गाळता प्रसिद्ध करीन, आणि तिलाही उत्तर देईन.