‘चंद्रावर पाणी कसलं?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दर काही महिन्यांनी एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. थोडक्यात असा: चंद्रावर हवा नाही, मग पाणी कुठून असणार? अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेले दगड कोरडे ठणठणीत होते. आणि सापडलंच असेल तर ते नासाला, इस्रोने नुसती गाडी हाकली. चांद्रयान-१ च्या त्या ३८६ कोटींत मराठवाड्याची तहान भागली असती.

हवा नसल्याने वाहतं पाणी तिथे टिकत नाही, हे खरंच. पण वाहतं पाणी सापडलं असं कुठल्याही शास्त्रज्ञाने म्हटलेलं नाही. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन पोचतच नाही. उणे २०० अंशांखालच्या त्या गारठ्यात बर्फ टिकून राहतो. ९ ऑक्टोबर २००९ ला नासाने कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा मुद्दाम आदळवला. उडालेल्या धुरळ्यात वाफ आणि बर्फ मिळून दीडशे किलोच्या आसपास पाणी मोजलं गेलं.

आता अपोलोचे दगड. त्यांत पाण्याचा अंश तेव्हाही दिसला होता, पण डबे नीट हवाबंद राहिले नव्हते, म्हणून तो पृथ्वीवरचाच ओलावा धरला गेला. २००८ साली शास्त्रज्ञ अल्बेर्तो साल आणि सहकाऱ्यांनी अपोलो १५ आणि १७ ने आणलेले ज्वालामुखीचे काचमणी पुन्हा तपासले. हिरवे, नारिंगी, वाळूच्या कणाएवढे. त्यातल्या एका मण्याच्या गाभ्यात पाणी जास्त निघालं आणि कडेला कमी. बाहेरून ओल शिरली असती तर उलटं दिसलं असतं! मला तरी या सगळ्यात हाच पुरावा सर्वांत देखणा वाटतो.

श्रेयाचं म्हणाल तर, सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालेला पाण्याचा शोध लावणारं, चांद्रयान-१ वरचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे उपकरण नासाचं होतं, हे मान्य. पण त्या यानावरच्या ११ उपकरणांपैकी ५ आपली होती. त्यातली एक, तिरंगा रंगवलेली पेटी, १४ नोव्हेंबर २००८ ला शॅकल्टन विवराजवळ आदळली. खाली जाताना तिच्यातल्या ‘चेस’ या उपकरणाने पाण्याच्या रेणूची, म्हणजे १८ वस्तुमानाची, खूण टिपली. त्या खुणेवरचा शोधनिबंध मात्र २०१० चा, म्हणजे सप्टेंबर २००९ च्या घोषणेनंतरचा. त्यामुळे ‘सगळं आम्हीच शोधलं’ हेही ठासून सांगू नये.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आठवलं की आजही जीव तुटतो. पण तिथली जमीन कोरडी पडली ती पावसाने दिलेल्या ओढीने, बेसुमार उपशाने आणि उसाने. तो जाब चांद्रयानाला विचारून कुणाची घागर भरणार?

आणि उत्साहात ‘चंद्रावर तळी आहेत’ असं लिहिणाऱ्यांनाही एक आकडा. २०२० मध्ये ‘सोफिया’ या विमानातल्या दुर्बिणीने क्लेव्हियस विवराच्या उन्हातल्या मातीत पाणी टिपलं. प्रमाण होतं घनमीटरभर मातीत साधारण ३५० मिलिलिटर. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटलीही भरत नाही.