तिसरा खोका

आज सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात कुरिअरवाला पोरगा. "काका, कॅश ऑन डिलिव्हरी आहे. दोन हजार नऊशे नव्वद." मी म्हटलं, कुणाच्या नावाने? तेवढ्यात आतून आई आली. वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले. पण पदराची गाठ सोडत ती ज्या वेगाने दारापर्यंत आली, तो बघून क्षणभर मलाच वाटलं, लागू पडलं की काय औषध.

दोन महिन्यांतला हा तिसरा खोका. आत एक तेलाची बाटली, साठ गोळ्या, एक काढा. खोक्याच्या बाजूला यादी छापलेली: सांधेदुखी, मधुमेह, मूतखडा, केसगळती, निद्रानाश, स्त्रियांच्या तक्रारी, अशक्तपणा. एका गोळीला एवढी कामं! आमच्या एरिया मॅनेजरनेही मला कधी दिली नव्हती.

आपल्या फ्रेंडलिस्टमधल्यांना हे भंपक आहे हे समजावत बसायची गरज नाही. तुम्ही सगळे शहाणे आहात, तुमच्याही घरात असा एक खोका असणार आणि तुम्हीही त्यावरून भांडला असणार. मी काय भांडलो ते सांगत नाही. एवढंच सांगतो की आई म्हणाली, "टीव्हीवर रोज दाखवतात. खोटं असतं तर दाखवलं असतं का?"

इथे माझं डोकं फिरलं.

कारण मी २४ वर्षं एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा विक्री प्रतिनिधी. बॅग घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यात. विकणाऱ्याचा वास मला लांबून येतो. आणि ही जी सगळी कला आहे ना, यादी, हसरे फोटो, 'मला गुण आला' म्हणून पत्रं, ती यांनी शोधलेली नाही. दीडशे वर्षं जुना माल आहे. रिटायर झाल्यापासून मी हेच वाचत बसलोय, बायको वैतागलीय.

एकोणिसाव्या शतकातला इंग्लंड-अमेरिकेतला पेटंट औषधांचा धंदा बघा. नाव 'पेटंट', पण बहुतेकांनी पेटंट घेतलेलंच नसायचं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते उघड करावं लागतं, आणि तेच तर झाकायचं होतं! लंडनचा थॉमस हॉलोवे, गोळ्या आणि मलम. दमा, जलोदर, संधिवात, जंत, सगळ्याला तेच. जाहिरातींवर वर्षाला ५०,००० पौंडांपर्यंत खर्च, आणि त्या जाहिराती आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांतही यायच्या. गोळीत मुख्यतः कोरफडीसारखी पोट साफ करणारी द्रव्यं. त्या पैशातून त्याने मुलींसाठी मोठं कॉलेज बांधलं, १८८६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली. बरं, कॉलेज चांगलं काम. मान्य. पुढे.

बीचमच्या गोळ्या घ्या. 'डबी एका गिनीच्या (म्हणजे एकवीस शिलिंगांच्या) मोलाची' असं ब्रीद. विकायची किंमत एक शिलिंग दीड पेनी, म्हणजे साडेतेरा पेनी. १९०९ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने गोळ्या तपासल्या तर आत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत साधारण अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. हिशोब करा, १०८ पट. जपमाळेचे मणी. मी विकलेल्या मालावर मार्जिन कमी होतं असं म्हणत नाही, त्याबद्दल पुन्हा कधीतरी, पण १०८!

आणि "टीव्हीवर दाखवतात" याचं उत्तर तर फारच जुनं आहे. अमेरिकेत पेपरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या बाटल्यांच्या जाहिरातींतून यायचा. काही औषधवाल्यांच्या करारात लाल शाईत एक कलम छापलेलं असायचं: तुमच्या राज्यात आमच्या औषधांविरुद्ध कायदा झाला तर हा जाहिरातीचा करार रद्द. झालं! आता कुठला संपादक कायद्याची बाजू घेणार? विधिमंडळात चर्चा व्हायची आणि पेपरात अवाक्षर नसायचं. १९०५ साली 'कॉलियर्स' साप्ताहिकाने हे सगळं चव्हाट्यावर आणलं तेव्हा लोकांना कळलं. आई, टीव्ही तुझ्यासाठी दाखवत नाही गं, त्यांच्यासाठी दाखवतो.

हे मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "तू ओरडू नकोस. ती पोरगी ओरडत नाही."

पोरगी म्हणजे कोण, ते सांगायलाच हवं. गेल्या आठवड्यात दुपारी मी झोपलोय असं समजून आई गॅलरीत फोनवर बोलत होती. मला वाटलं माझा पुण्यातला भाऊ असेल. नव्हता. ती खोकेवाल्या कंपनीची मुलगी होती. आई सांगत होती, उजवा गुडघा रात्री दोनला ठणकतो, मग उठून बसते, मग यांची आठवण येते. (यांची म्हणजे बाबांची. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मला ती हे कधी म्हणालेली नाही.) पलीकडून काय बोलणं होतं ते ऐकू येत नव्हतं, पण आई मधेच हसली. नंतर मी चोरून फोन बघितला. सत्तावीस मिनिटं. नाव सेव्ह केलेलं: 'पोरगी गुडघा'.

तेव्हापासून मला लिडियाबाई डोळ्यासमोरून हलत नाही.

लिडिया पिंकहॅम. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची बाई. १८७३ च्या मंदीत नवरा बुडाला. घरात चुलीवर जडीबुटीचा काढा करून शेजारणींना फुकट द्यायची, तो १८७५ पासून पोरांनी विकायला काढला. बायकांच्या सगळ्या तक्रारींवर एकच बाटली, किंमत एक डॉलर. त्यात चार-पाच मुळ्या होत्या, चक्क मेथीही होती, आणि टिकावा म्हणून अठरा-वीस टक्के अल्कोहोल. दारूबंदीच्या सभांना जाणाऱ्या घरातल्या बायका चमच्या-चमच्याने हे घेत होत्या. गुण येणार नाही तर काय होणार!

पण खरी हुशारी पुढे आहे. १८७९ साली त्यांनी बाटलीवर, पेपरात, सगळीकडे लिडियाचा चेहरा छापला. डोक्यावरून नीट बसवलेले केस, गळ्याशी लेस, तोंडावर मंद हसू. आपली मावशीच. असं सांगतात की छापखान्यात व्हिक्टोरिया राणीचा ठसा नसला की काही पेपरवाले हिचाच ठसा लावून मोकळे व्हायचे. आणि जाहिरातीत काय लिहिलेलं? मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. पुढे तर स्पष्ट हमी असायची की तुमचं पत्र कुठलाही पुरुष वाचणार नाही.

बायकांनी ढिगाने पत्रं लिहिली. पाळीचं लिहिलं, मूल राहत नाही ते लिहिलं, मूल नको ते लिहिलं, अंग बाहेर येतं ते लिहिलं. नवऱ्याला सांगता येत नव्हतं. डॉक्टर बहुतेक पुरुष, ते म्हणायचे तुझ्या डोक्यात आहे. इथे कुणीतरी उत्तर पाठवत होतं. उत्तरात व्यायाम, स्वच्छता, खाणंपिणं, बऱ्याच शहाण्यासुरत्या गोष्टी असायच्या. आणि अर्थात, बाटली चालू ठेवा.

लिडिया वारली १८८३ साली. जाहिराती चालूच, मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. पत्रं येत राहिली, उत्तरं जात राहिली. १९०५ मध्ये एडवर्ड बॉक नावाच्या संपादकाने 'लेडीज होम जर्नल'मध्ये सरळ तिच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला. बावीस वर्षं बायका आपल्या पोटातलं गुपित मेलेल्या बाईला सांगत होत्या. कंपनी म्हणाली, सूनबाई आहेत ना, त्याही मिसेस पिंकहॅमच. घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. गॅलरीतलं बोलणं ऐकल्यावर हसू येईनासं झालंय.

कारण मग मी हिशोब केला. आम्ही राहतो मिरजेत. इथे दगड भिरकावला तर डॉक्टरलाच लागेल. आईला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो, बाहेर दोन तास बसलो, आत तीन मिनिटं. एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाले, "झीज आहे, वयाप्रमाणे चालायचंच, ऑपरेशन करायचं तर सांगा." चूक काहीच नाही बोलले. बाहेर साठ पेशंट बसलेले. पण आई रिक्षात म्हणाली, "त्यांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही रे."

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये येणार की त्या काळचे डॉक्टर तरी काय मोठे होते, पारा पाजायचे, रक्त काढायचे. हो, पाजायचे. पाऱ्याने हिरड्या सडून दात पडायचे. त्यापेक्षा सुंठ-साबणाची गोळी परवडली, हेही मान्य. आणि काही बाटल्या खरंच काम करायच्या. आपल्याकडे गोऱ्या पलटणीत असलेल्या डॉक्टर कॉलिस ब्राऊनने १८४८ साली कॉलऱ्यासाठी क्लोरोडाईन काढलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क, क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे, दुखणं थांबायचं. अफूने थांबणारच. काही लोक मग ते घेणं थांबवू शकायचे नाहीत, तो भाग जाहिरातीत नव्हता.

पण मिसेस विन्स्लोच्या सिरपला मी अजिबात माफ करणार नाही. १८४९ पासून अमेरिकेत विक्री. दात येणाऱ्या तान्ह्या पोरांसाठी. जाहिरातीची रंगीत कार्डं बघा, आईच्या मांडीवर गोबरं बाळ, सगळीकडे उजेड. आणि बाटलीत मॉर्फिन, औंसाला ६५ मिलिग्रॅम. बाळ शांत व्हायचं. काही बाळं कायमची शांत झाली. घरोघरच्या आयांनी आपल्या हाताने चमचा भरून दिलं, कारण लेबलवर मॉर्फिन हा शब्दच नव्हता. १९०६ चा अमेरिकेतला कायदा आला तेव्हा कुठे तो लिहावा लागला. कायद्याने बंदी नव्हती हं घातली, फक्त 'आत काय आहे ते लिहा' एवढंच. एवढ्या एका ओळीसाठी पन्नासवर वर्षं!

हे लिहिताना हात थरथरतोय खरंतर. पाणी पिऊन आलो.

आयांना दोष द्यायचा नाही मला. मुंबईत गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका बाळाला बाळागोळी देऊन जायच्या, अफूचीच. दहा तास सांच्यावर उभं राहायचं आणि घरी पोर रडतंय, काय करणार ती? तिने गोळी दिली यात मला तिचा राग येत नाही. ज्याने मॉर्फिनच्या बाटलीवर गोबरं बाळ छापलं, त्याचा येतो.

लहानपणी बुधवारच्या बाजारात एक माणूस यायचा. टोपलीत साप, दोरीला मुंगूस. "आत्ता लढाई लावतो!" आम्ही पोरं तासभर उन्हात उभी. लढाई कधीच लागली नाही, पण तेवढ्या वेळात त्याच्या पंचवीस-तीस बाटल्या खपायच्या. अमेरिकेत क्लार्क स्टॅन्ली नावाचा इसम हेच करायचा, १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत लोकांसमोर खुळखुळ्या साप चिरून दाखवायचा आणि सापाचं तेल विकायचा. पुढे सरकारने बाटल्या तपासल्या तर आत खनिज तेल, थोडी चरबी, मिरची, कापूर. सापाचा थेंब नाही. दंड किती? वीस डॉलर. आपल्याकडेही १९५४ पासून कायदा आहे, मधुमेह बरा करतो असली जाहिरात करायचीच नाही. माझ्या घरातल्या फ्रिजवर ठेवलेला खोका तो कायदा वाचून छापलेला दिसत नाही.

बाजारातला तो माणूस एका अर्थी बरा होता. तो आईला रात्री दोनची गोष्ट विचारत नव्हता.

मी तिला फोनवरून ब्लॉक करणार होतो, पोरगी गुडघ्याला. नंबर उघडला, बोट नेलं आणि थांबलो. ती मुलगीही कुठल्यातरी खोलीत हेडफोन लावून बसलेली असेल, पुढ्यात छापील कागद, 'पेशंटचं नाव घेऊन बोला, झोपेचं विचारा'. टार्गेट असेल तिला. टार्गेट काय असतं ते मला कुणी शिकवू नये. डॉक्टरांच्या मुलांचे वाढदिवस डायरीत लिहून ठेवायचो मी. खोटं होतं का ते? अर्धं होतं.

दुपारी जेवताना मी आईला विचारलं, "गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "बरा आहे." संपलं. सत्तावीस मिनिटं तिकडे आणि दोन शब्द इकडे. मी पुढे काय विचारायचं ते मला सुचलं नाही, मी भाजी मागितली.

तर खोका परत पाठवायचा ठरवलाय. नंबरावर फोन केला तर पंधरा मिनिटं बासरी वाजली. खोका तिच्या हाताला लागू नये म्हणून मुद्दाम फ्रिजवर ठेवला होता.

आत्ता पाच वाजलेत. गॅलरीतून आईच्या हसण्याचा आवाज येतोय आणि घरभर कापराच्या तेलाचा वास सुटलाय. फ्रिजवर बघतो तर खोका नाही, खाली स्टूल उभं आहे. या गुडघ्यांनी ती स्टुलावर चढली? थांबा, बघून येतो.