‘एमसीबी पाडला की पुरे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

संकुलातल्या देखभाल कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवरच्या मागच्या लेखात मी म्हटलं होतं की विजेच्या दुरुस्तीआधी एमसीबी (वायरमध्ये जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाडून त्याला कुलूप आणि टॅग लावा. त्या लेखाला एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देतो : ‘सगळं पुस्तकी आहे. एक ट्यूब बदलायला अर्धा तास कुलूप आणि टॅग लावत बसलो तर दिवसात चार तक्रारीही निघणार नाहीत. आमची माणसं अनुभवी आहेत, एमसीबी पाडला की पुरे. शिडीचं प्रमाण चुकलंय. टाकीसफाईबद्दल अवाक्षर नाही. कंत्राटी मुलांना हातमोजेसुद्धा मिळत नाहीत, ते साहेबांना सांगा. लेखकाने कधी पान्हा हातात धरलाय का?’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागलं. पान्हा धरलाय. २३ वर्षं, आधी वायरमन म्हणून आणि पुढे शिफ्टचा सुपरवायझर म्हणून. हे सांगायची वेळ येऊ नये असं वाटत होतं. मतं वेगळी असू शकतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोरच्याने हाताने काम केलेलंच नसणार असं धरून चालायचं आणि त्यावरच निकाल द्यायचा, ही बोलायची रीत नव्हे. ‘पुस्तकी’ या शब्दाचंही तेच. लेखातलं कुठलं वाक्य पुस्तकी आहे, हे आपण दाखवलेलं नाही.

शिडीबद्दल मात्र आपलं बरोबर आहे. टेकवायच्या शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक तृतीयांश अंतरावर ठेवा, असं लिहिलं गेलं होतं. ते एक चतुर्थांश हवं. चार मीटरवर टेकवली तर पाय एक मीटर बाहेर, म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन. त्याहून पसरली की गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो, त्याहून उभी ठेवली की माणूस मागे कलंडतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘एमसीबी पाडला की पुरे’. या एका वाक्याला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण ते वाचून एखादा नवा हेल्पर उद्या तसंच करेल.

पहिली गोष्ट, कुठला एमसीबी? डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीच्या, दारावरची यादी इमारत बांधली तेव्हाची असते. त्यानंतर वर्गाची प्रयोगशाळा झालेली असते, वसतिगृहात गीझर वाढलेले असतात, कुणीतरी रिकाम्या एमसीबीवरून वायर ओढून व्हरांड्याचे दिवे जोडलेले असतात. यादीत ‘खोली १२ दिवे’ लिहिलंय म्हणून तो पाडायचा आणि हात घालायचा, हा अनुभव नाही, अंदाज आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही अनुभवी माणसंच जास्त विसरतात : ट्यूब विझली म्हणजे वीज गेली असं नसतं. बहुतेक डीबींमध्ये दिव्यांच्या सर्किटला सिंगल पोल एमसीबी असतो. तो एकच तार तोडतो. मधल्या कुठल्या तरी दुरुस्तीत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांची अदलाबदल झाली असेल, तर एमसीबी न्यूट्रल तोडतो. सर्किट अपुरं राहतं, ट्यूब विझते आणि फिटिंगमधल्या दोन्ही टोकांवर फेज जिवंत राहते. शिडीवरचा माणूस खाली ‘गेली का रे?’ विचारतो, खालचा ‘गेली’ म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात.

तिसरी गोष्ट, सामाईक न्यूट्रल. जिन्यात आणि लांब पॅसेजमध्ये हा प्रकार सर्रास सापडतो, कारण वायर वाचवायला शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल घेतलेला असतो. आपण आपला एमसीबी पाडला, फेज तपासली, मेलेली निघाली. पण त्याच न्यूट्रलमधून दुसऱ्या सर्किटचा करंट परत जात असतो. जोड सुटेपर्यंत काही कळत नाही. जोड सोडला की लोडच्या, म्हणजे दिव्यांच्या, बाजूच्या टोकावर पूर्ण व्होल्टेज येतं, आणि ते टोक आपल्या बोटांत असतं. म्हणून न्यूट्रलचा जोड उघडण्याआधी त्या तारेला क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसवून करंट मोजायचा मीटर) लावायचा. करंट दिसला तर जोडाला हात लावायचा नाही, दुसरं सर्किट शोधून तेही बंद करायचं. एवढं करायला एक मिनिट लागतं.

चौथी गोष्ट म्हणजे माणसं. संकुल म्हणजे बंद कारखाना नव्हे. अंधार झाला की विद्यार्थी, वॉचमन, प्रयोगशाळेचा सहायक, कुणीही डीबीशी जातं आणि पडलेला एमसीबी उचलतं. त्याला वाटतं, ट्रिप झाला असेल. त्याच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून त्याला दोष देऊन काम भागत नाही. कागदी पाटी गळून पडते, चिकटपट्टी सोलता येते, आणि ‘मी सांगून आलोय’ हे ज्याला सांगितलं तो जेवायला गेलेला असतो. कुलूप यासाठी लागतं. एमसीबीच्या दांड्यावर बसणारी छोटी लॉकिंग क्लिप, तिला कुलूप, त्याला एकच किल्ली, आणि ती किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. तिघं कामावर असतील तर अनेक भोकांची हॅस्प (एकाच जागी अनेक कुलपं घेणारी कडी) लावायची आणि तीन कुलपं अडकवायची. शिफ्ट बदलताना येणाऱ्याने आधी आपलं कुलूप घालायचं, मग जाणाऱ्याने आपलं काढायचं. क्लिप बसत नसेल तर वरचा मेन बंद करून त्याच्या हँडलला कुलूप लावायचं, भले अख्खा मजला अंधारात जावो. तक्रार आली तर येऊ द्या.

आणि इन्व्हर्टर? जनरेटर? मेन गेला की आपोआप सुरू होणारा सेट तुमच्या एमसीबीला विचारून सुरू होत नाही. ग्रंथालयात, सर्व्हर रूममध्ये, लिफ्टशेजारी दुसरा पुरवठा असतोच असं धरून चालायचं, आणि तोही कुलपात टाकायचा.

आता तपासणी. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव ठेवू नका. उजेडात त्याची लाली दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या. आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो दाखवतोय ना ते बघा. मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा (अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली तार). अदलाबदल झालेली असेल तर ती अर्थच्या जोड्यांत पकडली जाते, नुसतं फेज-न्यूट्रल बघितलं तर निसटते. शेवटी टेस्टर पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावा. मधल्या वेळात तोच बिघडला असेल तर मिळालेल्या ‘शून्या’ला काही किंमत नाही. पंखा किंवा एसीचं युनिट असेल तर वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याशिवाय टर्मिनलला हात नाही.

‘एमसीबी आहे ना, शॉक लागला तर ट्रिप होईल’ असंही पुष्कळांना वाटतं. होणार नाही. १० अँपिअरचा एमसीबी वायर वाचवायला असतो. माणसाचं हृदय बिघडवायला काही दशक मिलिअँपिअर पुरतात (एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर), आणि तेवढ्याची त्या एमसीबीला दखलही नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अर्थकडे जाणारा करंट पकडतो, पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक बल्बच. शिवाय शिडीवर शॉक मोठा असावाच लागत नाही. झटक्याने हात सुटला की पुढचं काम फरशी करते.

हे सगळं ‘अर्धा तास’ म्हणता. मोजून बघा. सर्किट ओळखणं, बंद करणं, क्लिप, कुलूप, नाव आणि वेळ लिहिलेला टॅग, टेस्टरच्या तीन पायऱ्या. सवय झालेल्या माणसाला पाच मिनिटं लागतात. अर्धा तास लागत असेल तर तो क्लिप शोधण्यात आणि चुकीच्या यादीशी झगडण्यात जातो. मग यादी दुरुस्त करा! त्याचा राग कुलपावर का काढता?

टाकीसफाईवर लिहिलं नाही, कारण तो लेख टाकीसफाईवर नव्हता. वेगळा लिहीन. तोवर एवढंच : गॅस मीटरने तपासल्याशिवाय उतरायचं नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर नाहीच. आणि ‘वास येईनासा झाला’ म्हणून तर अजिबात नाही, कारण हायड्रोजन सल्फाईड वाढला की नाकच बधिर होतं. आत कुणी पडला तर बाहेरच्याने मागोमाग उडी मारायची नाही, आधीच बांधलेल्या दोराने ओढायचं.

हातमोज्यांचं म्हणाल, तर कंत्राटदाराने काय द्यावं हा वेगळा विषय आहे. माझा लेख कामाच्या पद्धतीवर होता. प्रत्येक लेखात प्रत्येक अन्याय आलाच पाहिजे, हा आग्रह मला मान्य नाही. त्यावर इथे आणखी लिहिणार नाही.

आपल्याला अजूनही हे पुस्तकी वाटत असेल तर एक काम करा. आपल्या इमारतीतला एक डीबी निवडा. फक्त बाहेरचं दार उघडा, आतलं कव्हर नाही. संगणक आणि लिफ्ट असलेल्यांना आधी कळवून एकेक एमसीबी पाडा आणि खरोखर काय बंद झालं ते यादीशी ताडून लिहून ठेवा. किती ओळी चुकीच्या निघाल्या तो आकडा इथे कळवा. एकही चुकली नाही, तर तसंही कळवा. ती प्रतिक्रिया मी जशीच्या तशी प्रसिद्ध करेन. फक्त पान्ह्याचं वाक्य त्यात नको.