उडी नेमकी कुठे चुकते?

आम्हा हौशी गेम बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच भांडण चालू आहे: कुणी अडकलं तर त्याला तयार कोड द्यायचा का? एक पार्टी म्हणते, अजिबात नाही, असे आयत्या बिळावरचे नागोबा वाढतात. दुसरी म्हणते, द्या की, तुमच्या खिशातलं काय जातंय? हल्ली तिसरी पार्टीही निघाली आहे. तिचं म्हणणं दोन शब्दांत संपतं, ‘एआयला विचार’. मी हे सगळं कोपनहेगनमध्ये बसून वाचतो. उन्हाळ्यात घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो, त्यामुळे तिकडे रात्री साडेअकराला पेटलेलं भांडण मला इथे आठ वाजता निवांत वाचायला मिळतं.

ठिणगी पडली ती एका मुलाच्या प्रश्नावरून. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतोय. ‘उडी नीट लागत नाही, कधीकधी बटण दाबलं तरी उडतच नाही,’ एवढंच त्यानं लिहिलं होतं. त्यावर चाळीसेक मेसेज आले. उडीचा वेग वाढव, गुरुत्वाकर्षण कमी कर, कोड ‘प्रोसेस’मधून काढून ‘फिजिक्स प्रोसेस’मध्ये टाक, आधी बेसिक शिकून ये. एआयला त्यानं विचारून झालं होतं, तिथूनही साधारण असंच काहीबाही आलं होतं. गेम पाठव, बघतो, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

मी मागून घेतला आणि दहा मिनिटं खेळलो. सपाट जमिनीवर उडी झकास लागत होती. चुकत होती ती फक्त कडेवर. धावत जायचं, अगदी शेवटच्या क्षणी बटण दाबायचं, की पात्र सरळ खाली. कोडचं काहीच चुकलेलं नव्हतं. बटण दाबलं तेव्हा पात्राचे पाय जमिनीवरून सुटून दोन-तीन फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) झाल्या होत्या, आणि जमिनीवर नसलेल्याला उडू द्यायचं नाही हा नियम त्यानं स्वतःच लिहिला होता. डोळ्याला मात्र वाटतं की पाय अजून कडेवरच आहे. यावर उपाय जुना आहे. कडा सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम, उडीची परवानगी चालू ठेवायची. कड्यावरून पुढे पळत गेलेला आणि खाली बघेपर्यंत हवेतच राहणारा कार्टूनमधला कोयोटी आठवतो ना, त्याच्यावरूनच याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. ‘सेलेस्ट’सारख्या अवघड म्हणून गाजलेल्या गेममध्येही ही सवलत आहे. मिळते ती खेळणाऱ्याला कळतही नाही, न मिळाली तर मात्र तो गेमला शिव्या घालतो.

आता सांगा, हा प्रश्न प्रोग्रामिंगचा की डिझाइनचा? विचारला कोडचा म्हणून, निघाला डिझाइनचा, सुटला पुन्हा चार ओळींच्या कोडनं. ‘स्वतः शोध’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की त्यानं शोधायचं तरी कुठल्या शब्दानं? ज्या गोष्टीचं नावच माहीत नाही ती शोधता येत नाही. एआयचंही तेच. तुम्ही विचाराल त्याचं उत्तर ते देतं, आणि त्यानं विचारलेलं होतं भलतंच.

इथे कोपनहेगनमध्ये गेम जॅमची, म्हणजे एकत्र जमून ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायची, परंपरा जुनी आहे. नॉर्डिक गेम जॅम या शहरात २००६ साली सुरू झाला आणि त्याच्याच धर्तीवर २००९ मध्ये ग्लोबल गेम जॅम निघाला. माझ्या पहिल्या जॅममध्ये माझ्या गेममधल्या बंदुकीच्या गोळ्या भिंतीतून आरपार जात होत्या. रात्रीचे दोन वाजलेले, मी टक्करीचा कोड तिसऱ्यांदा लिहीत होतो. शेजारच्या टीममधली एक बाई खुर्ची ओढून बसली. पाच मिनिटं नुसती बघत राहिली, कीबोर्डला हात लावला नाही. मग म्हणाली, ‘तुझी गोळी एका फ्रेममध्ये किती सरकते?’ मी हिशेब केला. सेकंदाला ३००० पिक्सेल, भागिले ६०, म्हणजे ५०. भिंतीची जाडी १६. गोळी एका फ्रेमला भिंतीच्या अलीकडे होती, पुढच्या फ्रेमला पलीकडे. भिंतीत ती कधी नव्हतीच! मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ मारून मध्ये काही आडवं येतंय का ते तपासायचं, हे मग मलाच सुचलं. ती तोवर उठून गेलीही होती.

म्हणून इथलं सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. जॅमच्या शेवटी सगळे सगळ्यांचे गेम खेळतात आणि सगळ्यांना सगळंच आवडतं. माझ्या गेमची दुसरी लेव्हल रटाळ होती. बाराएक जणांनी खेळली, बाराही जण ‘मस्त’ म्हणून पुढे गेले. तोच गेम आपल्या ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत पहिला मेसेज आला, ‘दुसऱ्या लेव्हलला झोप आली, सोडून दिला.’ त्यामागोमाग दुसरा, ‘शत्रू कुठून येतो तेच दिसत नाही.’ डिझाइनच्या बाबतीत मला हीच माणसं हवीत. फक्त त्यांची तक्रार घ्यावी, औषध घेऊ नये. पुढचा मेसेज ‘एक बॉस टाक’ (म्हणजे लेव्हलच्या शेवटी एक मोठा शत्रू) असा होता, आणि बॉस टाकून रटाळ लेव्हल सुधारत नाही, लांबते.

कोड द्यावा की नाही, यावर माझं मत विचाराल तर आधी समोरच्याला विचारा, ‘तुला हे शिकायचंय, की यातून सुटायचंय?’ हा छंद आहे, परीक्षा नाही. जिला फक्त चित्रं काढायची आहेत आणि दार उघडत नाही म्हणून जी तीन दिवस अडली आहे, तिला दाराचा कोड अख्खा देऊन टाका. ज्याला स्वतःचं फिजिक्स लिहिण्यातच मजा येते, त्याला तो दिलात तर त्याचा खेळच हिरावून घ्याल.

त्या मुलाला मी कोयोटी टाइम हे नाव सांगितलं आणि ०.१ हा आकडा, कोड दिला नाही. दोन दिवसांनी त्यानं नवा गेम पाठवला. त्यात त्यानं ०.५ ठेवलं होतं. पात्र कडा सोडून चांगलं तीस फ्रेम हवेत जातं आणि मग तिथूनच उडी मारतं. विचारलं तर म्हणाला, ‘चुकून झालं होतं, पण भारी वाटलं दादा, आता सगळ्या लेव्हल त्यावरच बेतणार आहे.’ ग्रुपवर आता हा बग आहे की नाही यावर भांडण चालू झालं आहे.