टर्नर ट्रकवर निघालाय

सोमवारी तालमीच्या कट्ट्यावर बूड टेकायला जागा मिळत नाही. कोल्हापूरचा बाजार बंद, त्यात टर्नरचीही सुट्टी सोमवारीच, त्यामुळं साडेआठलाच सगळे हजर. टर्नर म्हणजे आमच्यातलाच एक, त्याला खऱ्या नावानं फक्त त्याची आई हाक मारते. नऊ वर्षं शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "राजीनामा लिहिलाय. ट्रकवर जायचं म्हणतोय."

वायरमनला चेष्टा वाटली. "किन्नर म्हणून?" गाडीवरच्या क्लीनरला आमच्याकडं किन्नर म्हणतात.

"ड्रायव्हर म्हणून. हेवी लायसन काढलंय. कुणाला बोललो नव्हतो."

हे जरा लागलं. रोज रात्री मांडीला मांडी लावून बसणारा माणूस आरटीओत चकरा मारतो, मेडिकल करतो, ट्रॅकवर टेस्ट देऊन पास होतो आणि कट्ट्याला पत्ता नाही. पण भांडायचं पुढं ठेवलं. आधी प्रकरण काय ते ऐकूया म्हटलं.

प्रकरण असं. त्याच्या दाजींची दहा चाकी आहे, तमिळनाडूतल्या होसूरच्या लाइनला चालते. इथनं कास्टिंग भरून जाते, येताना मिळेल ते भाडं. सध्याचा ड्रायव्हर दिवाळीनंतर गावी जाणार. पगार 22 हजार, भत्ता वेगळा. टर्नरला आत्ता ओव्हरटाइम धरून 24 हजार पडतात.

"म्हणजे दोन हजार कमी," मास्तर म्हणाले. मास्तर दहावीच्या शिकवण्या घेतात, वजाबाकी त्यांना आवरत नाही.

"भत्ता धरा की. आणि पैशाचं न्हाई मास्तर. नऊ वर्षं एका काचेतनं आत बघतोय मी. दार लाव, सायकल स्टार्ट, दार उघड, जॉब काढ, हवा मार, गेज लाव, दुसरा चढव. शिफ्टला ब्रेकचे साठ-सत्तर ड्रम. माझ्या हातचे ड्रम चाकणला गेले, चेन्नईला गेले, होसूरला गेले. मी? तावडे हॉटेलच्या चौकात वडापच्या जीपची वाट बघतोय."

यावर कुणाला पटकन उत्तर सुचलं नाही. वायरमननं मोबाइल काढून वेगळाच हिशेब मांडला. मूळ पगार 13 हजार, नऊ वर्षं. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिन्याचे 26 दिवस धरून. 67,500 रुपये. "हे तर हक्काचे सुटतील. पीएफ वेगळा. पुढंमागं स्वतःची सेकंडहँड गाडी घ्यायला सुरुवात झाली की!"

"साडेसदुसष्टात तीन टायर येतात," मागून आवाज आला. "गाडीला दहा लागतात."

तात्या. अठ्ठावीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस. गुडघ्यांमुळं कट्ट्यावर बसत नाहीत, पानाच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतात. ते बोलायला लागले की वायरमनसुद्धा गप्प बसतो, आणि ही लहान गोष्ट नाही.

"भत्ता भत्ता काय लावलंयस," तात्या म्हणाले. "भत्ता म्हणजे पगार न्हाई. त्यातच जेवण, आंघोळ, पंक्चरवाल्याचा चहा. ताडपत्री एकट्याला ओढंना झाली की कुणाला तरी पन्नास-शंभर. माल उतरवणारे वाराई मागतात, म्हणजे उतरवायची मजुरी. ज्याचा माल त्याचा हमाल, अशा घोषणा लॉरीवाल्यांनी किती वर्षं दिल्या. पण गाडी रात्री दोनला गेटावर लागली आणि हमाल म्हणाला पैसे टाक, की घोषणा कोण देतंय?"

"दाजी देतील की वाराई."

"देतील. मग हिशेबाला बसल्यावर विचारतील, एवढी कशी झाली. तिथं पाहुणेपणा जातो बघ."

मास्तरांनी कायदा काढला. मोटार कामगारांसाठी 1961 सालीच कायदा झाला होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. टर्नरनंही तयारी केलेली दिसली. म्हणाला, मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागं एक दिवस मिळतो. होसूर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे चार दिवस. निवांत जायचं.

तात्या खोकला येईपर्यंत हसले. "बिल चार दिवसांचं असतंय रे, पार्टीला माल परवा सकाळी पायजे असतो. तू धारवाडला डोळे चोळायला थांबलास की फोन येणार, जीपीएसवर गाडी उभी का दिसतीय? आणि मरमर करून वेळेत पोचलास तर गेटवर टोकन. थांब आता. सहा तास, दहा तास, कधी दोन दिवस. मी अठ्ठावीस वर्षांत निम्मी गाडी चालवली आणि निम्मा वेळ उभा ऱ्हायलो. उभं ऱ्हायचा पगार न्हाई. परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या आवारात झोपायचं, तेही उभं ऱ्हाणंच की."

माझं मत विचाराल तर सगळ्या चर्चेतलं वजनदार वाक्य हे होतं. टर्नर ज्याला सुटका म्हणत होता ती दोन गेटांच्या मधली होती. पण मी त्या वेळी बोललो नाही, कारण वायरमननं मध्येच एसी काढला. आता ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय म्हणे.

"1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या गाडीला," मास्तर.

"दाजींची 2016 ची हाय," टर्नर.

विषय संपला.

वायरमन हार मानणाऱ्यातला नाही. "मग छोटा टेम्पो बघ. चारचाकीच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते, सुप्रीम कोर्टानं 2024 मध्ये सांगितलंय. आपल्या गांधीनगरातनं कापड उचलायचं, रात्री घरी." टर्नरनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं एखाद्याला तांबडा-पांढरा सांगावा आणि त्यानं वरणभात आणून ठेवावा.

मग अपघातावर गाडी आली. जानेवारी 2024 चा संप सगळ्यांना आठवत होता, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या. धडक देऊन पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असं नव्या न्याय संहितेत आलं म्हणून ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. पुढं संहिता जुलैत लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं. मास्तरांचं म्हणणं, पळून कशाला जायचं, पोलिसात जावं. तात्यांनी त्यांना एकच विचारलं, "मास्तर, जमाव जमलेला कधी केबिनमधनं बघितलाय?" तात्या पुढं काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच टर्नरला विचारलं, "पुण्यात नवा कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतार हाय. तिथं गाड्या का ठोकतात, सांग."

"ब्रेक फेल होतात."

"का होतात?"

"न्यूट्रल करून सोडतात. डिझेल वाचवायला." टर्नर थांबला, मग नकळत कारखान्यातल्या आवाजात बोलायला लागला. "न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी धरत न्हाई. सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की फुगतो, आतला व्यास वाढतो. ड्रमला आतनं घासणारा लायनर तापला की त्याची पकड जाते. मग पाय कितीही दाबा, लायनर ड्रमवर नुसता घसरतो. थंड असताना डायलची सुई हलू देत न्हाई आम्ही, पण तापल्यावर तो ड्रम ऱ्हातच न्हाई." बोलताना त्यानं दोन्ही हातांचे पंजे गोल धरले होते, जणू मध्ये खराच ड्रम आहे, आणि अंगठा आतल्या कडेवरून फिरवत होता.

तात्या त्या अंगठ्याकडं बघत होते. "हे निम्म्या ड्रायव्हरांना म्हाईत नसतंय," ते म्हणाले. "त्यांना एवढंच म्हाईत, ज्या गिअरात चढ चढलास त्याच गिअरात उतर. तेवढंही पाळलं तर पुष्कळ. तू बरा चालवशील."

ही बाजी उलटली. आम्हाला वाटत होतं तात्या त्याला अडवतायत. मी चिडून म्हटलं, मग जाऊ द्या की त्याला, मघापासून भीती कशाला घालताय?

"भीती कुठं घालतोय? मी विचारतोय हा का चाललाय. काचेतनं बघून कंटाळला म्हणतोय. कंटाळा नऊ वर्षं होता. राजीनामा आत्ता का?"

टर्नरनं ग्लासातला गार झालेला चहा गटारात ओतला. मग सांगितलं. गेल्या महिन्यात सेटरची जागा निघाली होती. टूल लावणं, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती देणं, प्रोग्रॅममध्ये फेरफार, हे सगळं दोन वर्षं तोच करतोय, पगार ऑपरेटरचा. जागा मालकाच्या भाच्याला गेली. भाचा पहिल्याच आठवड्यात ऑफसेटचं चिन्ह उलटं टाकून चाळीस ड्रम रिजेक्शनला घालवून बसला, आणि ते निस्तरायला सुट्टीच्या दिवशी बोलावलं कुणाला, तर ह्याला.

"मग हे आधी बोलायचं की, मर्दा," वायरमन म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

मी मात्र हट्टानं एकच म्हणत राहिलो, राजीनामा खिशात ठेव. दोन वर्षं सेटिंग केलेला माणूस दुसऱ्या शॉपमध्ये सेटर म्हणून जाऊ शकतो. गोकुळ शिरगाव आहे, कागल आहे. तिथं विचारलंस का? नव्हतं विचारलं. ट्रकचं लायसन काढायला महिने घालवले, पण शेजारच्या एमआयडीसीत बायोडेटा टाकला नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? मास्तर म्हणाले, अर्थ हाच की त्याला खरंच ट्रकवर जायचंय. असेलही. मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही.

शेवटी तोडगा तात्यांनीच काढला, तोही तोडग्यासारखा न वाटणारा. चार दिवसांची रजा टाक. दाजींच्या गाडीवर जा, पण स्टेअरिंगला हात लावायचा नाही. किन्नर म्हणून जायचं. ताडपत्री, रस्सी, टायरला हातोडी मारून आवाज ऐकायचा, मागं बघून गाडी लावून द्यायची. "तवंदी घाटात पोटात कालवलं तर मला फोन कर."

"आणि न्हाई कालवलं तर?"

"तरी कर."

बुधवारी पहाटे गाडी सुटली. गुरुवारी सकाळी ग्रुपवर त्याचा फोटो आला, चित्रदुर्गच्या पुढं कुठंतरी, रस्त्याकडेच्या पवनचक्क्या आणि उगवतीचं ऊन, खाली लिहिलेलं, नाद खुळा. वायरमननं बारा बदाम टाकले. रात्रभर काही नाही. शुक्रवारी सकाळी अकराला कारखान्याच्या गेटबाहेरच्या लाइनीचा फोटो, टोकन 31, आत 9 चालू. दुपारी तीनला नुसता मजकूर: 14 चालू.

तात्या मेसेज लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. कट्ट्यावर मी तो लावून सगळ्यांना ऐकवला. मागं टपरीवरचा अडकित्ता वाजतोय आणि तात्या विचारतायत, "जेवलास का? गाडीच्या सावलीला बस. आणि पुढच्या गाडीवाल्याला विचार, तो कधीपासनं हाय."