पॅच केबलने ॲम्प जळत नाही, भो

गिटारवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. जळगावातून आला, धुळ्याहून आला, शेवटी माझ्या भाच्यानेही पाठवला. व्हॉल्व्ह ॲम्प म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा डबा. त्याचे दोन चॅनल, म्हणजे सिग्नलच्या दोन वेगळ्या वाटा, छोट्या केबलने (पॅच केबलने) जोडून एकदम वाजवू नका, असा मेसेजचा सूर. कारणं चार: ॲम्प त्यासाठी बनलेलाच नाही, व्हॉल्व्हचं आयुष्य निम्मं होतं, दुप्पट वॅट निघून आउटपुट ट्रान्सफॉर्मर (शेवटचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) जळतो, आणि दोन्ही चॅनल एकमेकांना कापतात. मी भुसावळचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि आमचे ॲम्प मीच उघडतो. म्हणून हे चार शब्द.

‘बनलेलाच नाही’ हे तर उलटंच आहे. १९५०च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या डिलक्स ॲम्पच्या पॅनलवर माइक आणि वाद्य यांची जॅक (केबल खुपसायची भोकं) वेगवेगळी असायची. एका डब्यात गिटारही आणि गायकाचा माइकही, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू. आमच्याकडच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे सांगायला नको. मार्शल कंपनीने १९६०च्या दशकात जेटीएम ४५ हा ॲम्प केला तो फेंडरच्याच बेसमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून, आणि प्रत्येक चॅनलला दोन अशा चार जॅकही तिथूनच आल्या.

व्हॉल्व्हच्या आयुष्याचं घ्या. ईसीसी ८३ या सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हच्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. मार्शलच्या सुपर लीड ॲम्पमध्ये पहिल्या व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग एका चॅनलला, दुसरा दुसऱ्याला. ॲम्प चालू केला की दोन्ही अर्ध्यांचे हीटर तापतात आणि दोन्हींतून करंट वाहतो, केबल कुठेही लावा. स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभी असलेली एसटी आठवा. प्रवासी चढो न चढो, डिझेल जळतंच.

वॅट पहिल्या व्हॉल्व्हमध्ये तयार होत नाहीत. ते काढतात शेवटचे मोठे व्हॉल्व्ह. ५० वॅटच्या मार्शलमध्ये असे दोन ईएल ३४ असतात, १०० वॅटच्यात चार. केबल लावून दोनाचे चार होत नाहीत. शेवटच्या व्हॉल्व्हकडे जाणारा सिग्नल वाढतो, त्यामुळे आवाज लवकर फाटायला लागतो, बस. एकाच चॅनलचा व्हॉल्यूम पिळला तरी तेच होतं. आता ट्रान्सफॉर्मर. माझा एक खरंच गेलाय, रावेरकडच्या एका लग्नात. कुणाचा तरी पाय अडकून स्पीकरची वायर निघाली. आवाज का बंद झाला ते कळेना, म्हणून मी वेड्यासारखा व्हॉल्यूम वाढवून तारा झोडत राहिलो, वास येईपर्यंत. त्या दिवशी गिटार एकाच चॅनलमध्ये होती. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय वाजवला की असं होतं; पॅच केबलला कशाला बदनाम करता?

चौथा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, आणि नेमका तोच मेसेजवाल्याने एका ओळीत उरकलाय.

अशा सर्किटमध्ये सिग्नल मोठा करणाऱ्या ट्रायोडमधून जाताना उलटा होतो. मार्शलच्या सुपर लीडमध्ये दोन्ही चॅनल एकेकदा उलटतात आणि मग एकत्र येतात. दोघांची दिशा एकच, म्हणून बेरीज होते. फेंडरच्या ट्विन रिव्हर्ब किंवा डिलक्स रिव्हर्बमध्ये नॉर्मल नावाच्या चॅनलला असे उलटवणारे दोन टप्पे, पण व्हायब्रॅटो नावाच्या चॅनलला रिव्हर्ब (घुमणारा आवाज) मिसळायला एक जादा, म्हणजे तीन. एक सुलटा, एक उलटा. इथे केबल लावली की वजाबाकी होते. टोन वेगळे असल्याने आवाज पूर्ण मरत नाही, पण पोकळ होतो. धुळ्याच्या माझ्या दोस्ताने ट्विनवर हा प्रयोग केला. व्हायब्रॅटो चॅनल पाचवर होता, नॉर्मलचा व्हॉल्यूम हळूहळू वर नेला, तशी खालची ‘ई’ तार विरत गेली. ‘आवाज कथा गया भो?’ असं म्हणून तो स्पीकरमागे वाकून बघायला लागला.

सुपर लीडच्या धाटणीच्या ॲम्पवर याच्या उलट अनुभव येतो. गिटार पहिल्या चॅनलच्या वरच्या जॅकमध्ये लावायची, त्याच चॅनलच्या खालच्या जॅकमधून छोटी केबल दुसऱ्या चॅनलच्या वरच्या जॅकला. पहिला चॅनल चकचकीत असतो, कारण त्याच्या व्हॉल्यूमवर सुमारे ५००० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे तीक्ष्ण आवाज थेट पुढे सोडणारा भाग, बसवलेला असतो. कमी व्हॉल्यूमला तो कानात टोचतो. दुसरा जाडाभरडा. पहिला चारवर ठेवून दुसरा शून्यापासून उघडत गेलो, तर तीनच्या आसपास टोचणं गेलं आणि ‘ए’च्या कॉर्डला बूड आलं. दोन्ही मिळून गिटारला दिसणारा लोड (समोरचा विजेचा अडथळा) १ मेगओहमवरून जवळपास निम्मा होतो, त्यामुळे वरची चमक किंचित उतरते. गिटार आणि ॲम्पच्या मधे बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) असलेला पेडल ठेवला की तेही नाही.

एकाच जॅकचे, पायाच्या बटणावर (फूटस्विचवर) क्लीन-लीड, म्हणजे स्वच्छ आणि फाटका आवाज, बदलणारे नवे ॲम्प यात येतच नाहीत. जोडायला दुसरी जॅकच नाही. बाकी तुमचा कुठल्या घराण्यातला हे कळत नसेल, तर केबल लावा आणि दुसरा व्हॉल्यूम सावकाश उघडा. आवाज भरला तर ठेवा. पोकळ झाला तर केबल काढून खिशात टाका. जळत काहीच नाही.